मूल अडखळले की लाइन?

इंटरनेट बिघडल्याच्या तक्रारींच्या यादीत तोच पत्ता तिसऱ्यांदा आला, तेव्हा निघण्यापूर्वी मी आधीच्या दोन भेटींचे शेरे काढून वाचले. माझ्या दोन सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या दिवशी जाऊन फायबरमधल्या प्रकाशाची पातळी मोजली होती, वेग तपासला होता, एकाने राउटरही बदलून दिला होता, आणि दोघांनीही शेवटी एकच वाक्य लिहिले होते: ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ हे वाक्य खोटे नसते. तरीही ते वाचले की मी अस्वस्थ होतो, कारण तक्रार करणाऱ्याला त्यातून ‘तुम्हाला भास होतो आहे’ एवढेच ऐकू येते.

त्या घरातल्या बाई स्पीच थेरपिस्ट होत्या. बोलताना अडखळणाऱ्या मुलांवर त्या उपचार करतात, आणि बरीचशी मुले दूर राहत असल्यामुळे त्यांची सत्रे घरून, लॅपटॉपवरून होतात. “मागचे दोघे आले तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं,” त्या म्हणाल्या. “आताही चालतंय. तुम्ही गेलात की पुन्हा सुरू होईल, बघा.” आवाजात राग नव्हता, थकवा होता. बिघाड म्हणजे नेमके काय होते, असे मी विचारले. ‘नेट जाते’ हे उत्तर मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. त्यांनी मात्र वेगळेच काही सांगितले.

“समोर सात वर्षांचा मुलगा आहे. ‘म’वर येऊन थांबलाय. ओठ मिटलेले, आवाज नाही, चेहरा ताणलेला. आता तो अडलाय की चित्र गोठलंय, हे मला कळत नाही. तो अडला असेल तर मी गप्प बसून त्याला वेळ द्यायला हवा. लाइन अडली असेल तर मला ऐकू आलं नाही, हे त्याला सांगायला हवं. आणि मी चुकीच्या क्षणी ‘पुन्हा म्हण’ म्हटलं, तर त्याला वाटतं, आपलंच बोलणं बिघडलं.”

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. त्यांना जे जाणवत होते ते तांत्रिकदृष्ट्याही अगदी खरे होते. व्हिडिओ कॉलमध्ये आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून पाठवले जातात, आणि वाटेत एखादा तुकडा हरवला की तिथे शांतता येऊ नये म्हणून सॉफ्टवेअर आधीच्याच आवाजाचा अंश ताणून किंवा पुन्हा वाजवून ती जागा भरते. एरवी हे आपल्या लक्षातही येत नाही. पण अक्षर लांबणे, अक्षर पुन्हापुन्हा येणे आणि आवाज अजिबात न फुटणे ही तर अडखळण्याचीच तीन मुख्य रूपे आहेत. म्हणजे बिघडलेली लाइन या बाईंच्या कानात हुबेहूब त्यांच्या रुग्णासारखी बोलत होती. इथे ‘दोष आढळला नाही’ असे लिहून निघणे मला शक्य नव्हते.

मी माझ्या नेहमीच्या रीतीने सुरुवात केली. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा टप्पा आणि राउटरपासून बाहेरचा टप्पा हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि कोणता खचला आहे हे ठरल्याशिवाय कशालाही हात लावू नये, या मताचा मी आहे. म्हणून लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला, १९२.१६८.१.१ला, आणि दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवले. पिंग म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहणे. राउटरकडून दर वेळी दोन ते चार मिलिसेकंदांत उत्तर येत होते. अर्धा तास गेला, एकही पिंग हरवले नाही. वाय-फायच्या सिग्नलची ताकद उणे ५७ डीबीएम होती, म्हणजे उत्तमच; या मापात आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. आसपासची नेटवर्क वेगळ्या चॅनलवर होती. नाव शोधणाऱ्या डीएनएस सर्व्हरवर अनेकदा संशय घेतला जातो, पण तो बिघडला तर नवी पाने उघडत नाहीत, चालू असलेला कॉल तुटत नाही. त्यामुळे तो मी बाजूला ठेवला.

विंडोजमध्ये वायरलेस जोडणीचा मागच्या तीन दिवसांचा अहवाल काढता येतो. तो मी काढला आणि चक्रावलो. त्या तीन दिवसांत बाईंची चार सत्रे विस्कटली होती. अहवालात मात्र वाय-फाय एकदाही तुटल्याची नोंद नव्हती. जोडणी शाबूत होती आणि तरी तिच्यातून माहिती जात नव्हती. वीज वाचवण्यासाठी वाय-फाय कार्ड बंद करू देणारी सेटिंग चालू होती, आणि ती बंद करून निघून जाण्याचा मोह मला झाला. पण बिघाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही बदलले, तर नंतर बरे झाले तरी कशाने झाले ते कळत नाही आणि न झाले तर आणखी एक भेट वाया जाते. मी ती सेटिंग तशीच राहू दिली.

शेवटी मी त्यांना विनंती केली की खरे सत्र असल्यासारखे सगळे करा, एकही गोष्ट गाळू नका. त्यांनी बहिणीला फोन करून व्हिडिओ कॉलसाठी तयार राहायला सांगितले, खुर्ची सरकवली, हेडफोन लावले आणि टेबलाचा कुलूपबंद खण उघडून त्यातून तळहाताएवढी हार्ड डिस्क काढली. पालकांच्या परवानगीने प्रत्येक सत्राचे रेकॉर्डिंग होते, आणि मुलांची रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ठेवायची नाहीत हा त्यांचा कटाक्ष होता. डिस्कची वीतभर केबल त्यांनी लॅपटॉपच्या डाव्या अंगाला, बिजागरीजवळच्या निळ्या पोर्टमध्ये खोचली.

मी पिंगच्या खिडकीकडे पाहत होतो. ३, ४, ३, मग ११२, मग ६८०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. पुन्हा एक उत्तर, पुन्हा दोन गायब. कॉल अजून सुरू झालेला नव्हता, रेकॉर्डिंगही नाही. सिग्नलची ताकद पाहिली तर उणे ५७च, पडद्याच्या कोपऱ्यातल्या रेघा पूर्ण भरलेल्या. तेवढ्यात बाई माऊस टेबलावर आपटत म्हणाल्या, “आता हाही बघा. नेमका सत्राच्या वेळीच रुसतो. दोनदा बॅटरी बदलली याची.”

त्या वाक्याने मला उत्तर दिले. माऊस बिनतारी होता, त्याचा नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपच्या उजव्या पोर्टमध्ये होता. माऊसचा राउटरशी काही संबंध नाही, फायबरशी नाही, आमच्या कंपनीच्या कुठल्याही यंत्रणेशी नाही. त्याच्यात आणि वाय-फायमध्ये समान अशी एकच गोष्ट होती: दोघेही रेडिओ लहरींच्या एकाच, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. दोघे एकाच वेळी बहिरे होत असतील, तर तिथे कोणीतरी ओरडत असले पाहिजे.

ओरडत होती ती डिस्कची जोडणी. ते निळे पोर्ट यूएसबी ३.०चे होते. २००८ मध्ये आलेल्या या मानकात सेकंदाला ५ अब्ज बिट्स इतक्या वेगाने माहितीचे वहन होते, आणि या वहनातून बाहेर पडणारा विद्युत गोंगाट फार मोठ्या पट्ट्यावर पसरतो. २.४ ते २.५ गिगाहर्ट्झचा भाग त्यातच येतो. गोंगाट वाय-फायच्याच पट्ट्यात असल्यामुळे तो गाळून बाजूला काढता येत नाही. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते आणि त्यात बिनतारी माऊसचाही विचार होता. मी ते पूर्वी वाचले होते. घरातल्या टेबलावर इतक्या स्पष्टपणे घडताना मात्र प्रथमच पाहत होतो. अनेक लॅपटॉपमध्ये वाय-फायचे अँटेना पडद्याच्या चौकटीत बसवलेले असतात. उणे ५७ डीबीएम म्हणजे वॅटचा जेमतेम दोन अब्जांश भाग. दोन भिंतींपलीकडच्या राउटरकडून तेवढी कुजबुज ऐकण्यासाठी कान लावून बसलेल्या अँटेनाजवळच, चार बोटांवर, ही केबल होती. आणि पडद्यावरच्या रेघा सिग्नल किती आहे तेवढेच सांगतात, भोवतीचा गोंगाट किती आहे ते सांगत नाहीत. म्हणून त्या भरलेल्या होत्या.

तरी खात्री करून घेणे भाग होते, कारण डिस्क लावल्यावर लॅपटॉपवर ताण येऊन तो मंदावतो अशीही शक्यता असते. डिस्क काढली, पिंग तीनवर आले. लावली, बिघडले. माझ्या पिशवीतली जास्त चांगले आवरण असलेली केबल लावली, तर हरवणारी पिंग बरीच कमी झाली, पण थांबली नाहीत. मग मी माऊसचा रिसीव्हर डावीकडे घेतला आणि डिस्क उजवीकडच्या काळ्या पोर्टमध्ये, त्यांच्याच जुन्या केबलने लावली. ते पोर्ट यूएसबी २.०चे होते. पिंग तीन, चार, तीन. मोठ्या फाइली मुद्दाम डिस्कवर उतरवायला लावल्या, तरी तीन, चार. म्हणजे दोष डिस्क वापरण्यात नव्हता, ती कोणत्या दाराने आत येते यात होता. यूएसबी २.०चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट्स, आणि त्यांच्या रेकॉर्डिंगला त्यातला अगदी थोडा भाग पुरतो. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेण्याचा पर्यायही मी पाहिला. तोही या गोंगाटातून सुटला असता, पण त्या खोलीत तो सिग्नल उणे ७८, म्हणजे बराच क्षीण होता आणि मुलांच्या सत्रासाठी मला त्याचा भरवसा वाटेना.

“म्हणजे माझी डिस्क खराब आहे?” त्यांनी विचारले. डिस्क चांगली होती. लॅपटॉप चांगला होता, राउटर आणि लाइनही. माझे सहकारी आले तेव्हा सत्र नव्हते, म्हणून डिस्क खणात होती, आणि त्यांनी तपासलेली प्रत्येक वस्तू खरोखरच निर्दोष होती. हे मी बाईंना सविस्तर सांगितले, कारण त्या दोघांनी कामात कसूर केली असे त्यांना वाटू नये. आणि त्यांची तक्रार पहिल्या दिवसापासून खरी होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. त्यांनी बहिणीशी वीस मिनिटे कॉल केला, रेकॉर्डिंग चालू ठेवून. दोन्ही खिडक्यांत एकही पिंग हरवले नाही. मी उजव्या पोर्टशेजारी पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर ‘डिस्क’ असे लिहून दिले.

नोंद बंद करताना कारणांच्या यादीत यासाठी रकानाच नव्हता. ‘इतर’ निवडून मी सगळा प्रकार लिहिला आणि दोन्ही सहकाऱ्यांना फोन करून सांगितले, की यापुढे लॅपटॉपची तक्रार असेल तर रोज जे जे जोडले जाते ते सगळे जोडायला लावून मगच मोजायला बसा.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्या मुलाचे सत्र नुकतेच संपले होते. “तो पाच वेळा अडला,” त्या म्हणाल्या, “आणि पाचही वेळा तो तोच होता. मी गप्प बसले. पाचही शब्द त्याने स्वतः पूर्ण केले.”