लिस्बनमध्ये वसई शोधताना

२१ एप्रिल, रात्री

पोचलो एकदाचे. दुबईत विमान बदलताना झोपेचं खोबरं झालं, पण लेक विमानतळावर मेट्रोची कार्डं काढून उभी होती, त्यामुळे पुढचं सगळं तिच्यावर सोडलं. ती जर्मनीत शिकते. ईस्टरच्या सुट्टीत पॅरिस की रोम, असं तिनं विचारलं तेव्हा मी लिस्बन म्हणाले. वसईच्या किल्ल्यात भातुकली खेळलेल्या बाईनं दुसरं काय म्हणायचं? १५३४ ते १७३९, दोनशेहून जास्त वर्षं ही पोर्तुगीज माणसं आमच्या खाडीच्या तोंडाशी ठाण मांडून बसली होती. त्यांचं घर कसं आहे ते एकदा बघायचं होतं.

मेट्रोतून बाहेर आल्यावर पाट्या वाचत चालले. परेरा, डायस, रॉड्रिग्ज, लोपिश. कुणाचं औषधांचं दुकान, कुणी वकील, कुणी दातांचा डॉक्टर. माझ्या शाळेचा हजेरीपट कुणीतरी रस्त्यावर टांगून ठेवल्यासारखं वाटलं. लेकीला यात काही विशेष वाटलं नाही. ती वसईत वाढलेली नाही.

फुटपाथ मात्र डेंजर आहेत. पांढऱ्या चुनखडीचे नि काळ्या बेसाल्टचे मुठीएवढे दगड बसवून सुरेख नक्षी केली आहे, आणि पायांनी घासून घासून ते गुळगुळीत झालेत. त्यात सगळं गाव चढउतारावर. उद्या बूट.

२२ एप्रिल

आजचा दिवस बायशाचा, म्हणजे नदीकाठच्या सपाट पेठेचा. बाकीचं शहर गल्ल्यांचा गुंता, आणि ही पेठ एकदम पट्टीनं आखलेली. कारण १ नोव्हेंबर १७५५. ऑल सेंट्सचा सण, सकाळची वेळ, चर्च गच्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. वाचलेले लोक मोकळ्या जागेत जावं म्हणून नदीकाठी पळाले, तर तिथे त्सुनामी आली. आणि जे पाण्यातून सुटलं ते आगीत गेलं. आग कित्येक दिवस धुमसत होती. नंतर मार्केस द पोंबाल या मंत्र्यानं ही पेठ नव्यानं उठवली. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालायचा, म्हणजे जमीन हलली तरी सांगाडा लवचिक राहील, अशी युक्ती. नमुन्याच्या घराभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून तो पिंजरा तपासला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण दृश्य डोळ्यांपुढे येतं. गल्ल्यांना नावं धंद्यांवरून: सोन्याची, चांदीची, चांभारांची. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग चढण चढून कार्मोच्या मठात गेलो. हे बघायलाच मी आले होते, हे आत पाय ठेवल्यावर कळलं. १३८९ साली सुरू केलेलं गॉथिक चर्च. १७५५ला छप्पर कोसळलं. पुन्हा बांधायला घेतलं होतं, पण १८३४ मध्ये देशातले मठच बरखास्त झाले आणि काम तसंच राहिलं. आता खांब आहेत, खांबांवर कमानी आहेत, आणि कमानींवर आभाळ आहे. खाली गवत. एक कबुतर ऐटीत कमानीच्या टोकावर बसलेलं. टोकाचे दगड पावसानं काळे पडलेत, खाली हात पोचतो तिथे अजून पिवळसर आहेत. मी हात लावून बघितला. आतून गार, वरून उन्हानं तापलेला. वसईत डॉमिनिकनांच्या चर्चच्या भिंतीला उन्हाळ्यात टेकलं की पाठीला अगदी हेच लागायचं.

लेक म्हणाली, ‘‘आई, आपल्याकडे पण असं नीट ठेवायला काय जातं?’’ खरं आहे तिचं. इथे गवत कापलेलं, तिकीट, पायऱ्यांवर बसायची सोय, मागच्या भागात छोटं संग्रहालय (त्यात पेरूहून आणलेल्या दोन ममी कशासाठी, ते विचारू नये). आमच्याकडे पिंपळाची मुळं भिंती फोडतात आणि गोन्सालो गार्सियाच्या चर्चसमोर लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांची रांग असते. तरीही सांगते, मला आमचा किल्ला जास्त आवडतो. तिथे कोळणींनी वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, पोरं क्रिकेट खेळतात. इथे सगळ्यांनी आवाज खाली ठेवलेला. पिंपळ मात्र काढायला हवेत, त्याबद्दल वाद नाही.

संध्याकाळी माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. वसई चिमाजी अप्पांनी घेतली १७३९ला. त्यानंतर सोळा वर्षांनी हे. म्हणजे भूकंप झाला तेव्हा इथल्या कितीतरी घरांत वसईहून परतलेली माणसं असणार. पन्नाशीतली, ‘आमच्या वसईला’ म्हणत गोष्टी सांगणारी. त्यांचं काय झालं असेल?

२३ एप्रिल

बेलें. जेरोनिमोस मठाची रांग कोपऱ्यावरून वळली होती. चर्चमध्ये शिरल्याबरोबर डावीकडे वास्को द गामा, उजवीकडे कवी कामोंइश. दोघंही दगडात आडवे, हात जोडून. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला. पुढे अस्थी पोर्तुगालला आणल्या, आणि या मठात त्या आल्या त्या थेट १८८०ला. तोवर साम्राज्याची रया गेलेली. वैभव ओसरलं की पूर्वजांच्या समाध्या मोठ्या होतात, हे काही फक्त पोर्तुगीजांचं नाही.

मठ सुरू झाला १५०१ला, आणि त्याचा खर्च निघाला आफ्रिका नि पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून. खांबांवर दोरखंड, शंखशिंपले, पानंफुलं कोरली आहेत, जहाजाच्या डोलकाठ्यांना पालवी फुटावी तसे. सुंदर आहे, फार सुंदर आहे. बघताना मिरीचा भाव डोक्यातून जात नाही, एवढंच.

पण आजचा खरा मानकरी गेंडा. गुजरातच्या सुलतान मुझफ्फर शाहानं गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कनं त्याचं काय करायचं म्हणून तो गोव्याहून राजा मानुएलकडे धाडला. मे १५१५ मध्ये तो इथे उतरला. युरोपनं रोमन काळानंतर जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनं पळ काढला. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकारानं तर गेंडा न बघता, नुसत्या वर्णनावरून नि एका कच्च्या रेखाटनावरून, त्याचं चिलखत घातलेलं चित्र काढलं आणि ते शेकडो वर्षं चाललं. शेवटी राजानं तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, आणि १५१६च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडात असल्यामुळे बिचाऱ्याला पोहताही आलं नाही म्हणतात.

त्याचं डोकं बेलेंच्या बुरुजावर कोरलेलं आहे, एका मनोऱ्याच्या बुडाशी. काठावरून मान वाकडी करून शोधलं. नाक झिजून गेलंय, शिंग नाही, सांगितलं नाही तर डुक्कर वाटेल. आजूबाजूला शंभरेक माणसं सेल्फी काढत होती, एकाचाही कॅमेरा तिकडे नव्हता. मी चार फोटो काढले. लेक म्हणते सगळे सारखेच आलेत.

दुपारी पाश्तेल द नाता. १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं गरम कस्टर्ड, वर दालचिनीची पूड. मठातल्या जोगिणी कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरायच्या, मग उरलेल्या बलकाचं काय करायचं म्हणून या देशातल्या निम्म्या मिठाया जन्मल्या, अशी कथा आहे. दोन खाल्ले. मग आणखी एक.

२४ एप्रिल

सिंत्रा. रॉसियो स्टेशनातून चाळीस मिनिटं लोकल. वर पेना राजवाडा: पिवळा, लाल, निळसर, एकोणिसाव्या शतकातल्या राजा फर्डिनांडची हौस. वेळ ठरवून दिलेलं तिकीट, बसला रांग, आत शिरायला रांग. खोल्यांतून एकामागून एक सरकत गेलो नि बाहेर आलो. रेगालेइराची सत्तावीस मीटर खोल विहीर त्यामानानं छान. पाणी नसलेली, नुसतं गोल जिन्यानं खाली उतरायचं. पण गुजरातेतली आडालज किंवा पाटणची वाव (पायऱ्यांची विहीर) पाहिलेल्या माणसाला विहिरीचं कौतुक किती असणार!

मला जायचं होतं पुढे, पेन्या व्हेर्देला. तिथे कुणी पर्यटक जात नाही, कारण ती खासगी मालमत्ता आहे. हा वाडा जुवांव द कास्त्रोचा. हा गोव्याचा व्हाइसरॉय, १५४८ मध्ये गोव्यातच वारला. दीवची तटबंदी पुन्हा बांधायला पैसे नव्हते, तेव्हा त्यानं गोव्याच्या व्यापाऱ्यांकडे आपल्या दाढीचे केस तारण ठेवायला पाठवले, ही गोष्ट पोर्तुगालमध्ये शेंबडं पोरही सांगतं. दुसरी गोष्ट कमी सांगतात. या वाड्यात हिंदुस्थानातून उचलून आणलेला एक शिलालेख आहे. तेराव्या शतकातली संस्कृत प्रशस्ती, सारंगदेव वाघेल्याच्या काळातली, सोमनाथची. पुढे विद्वानांनी ती वाचली, छापली. पण त्याआधी कितीतरी वर्षं ती या डोंगरात, धुक्यात, एकही अक्षर न कळणाऱ्या लोकांच्या बागेत उभी होती.

रस्त्याच्या कडेनं चालत गेलो. शेवाळानं हिरवी झालेली उंच भिंत, नेच्याची झुडपं, बंद फाटक. आत काही दिसलं नाही. लेकीला वाटलं मी हिरमुसेन. उलट मला बरंच वाटलं. पेनाच्या गर्दीत सगळं दाखवायला मांडलेलं होतं. इथे निदान काहीतरी लपवलेलं होतं.

२५ एप्रिल

आज सगळ्यांच्या हातात लाल कार्नेशन. छातीवर, केसांत, बाबागाड्यांना खोचलेली. १९७४ मध्ये आजच्या दिवशी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी जवळजवळ रक्त न सांडता हुकूमशाही उलथवली. सेलेस्ते काएइरो नावाची बाई एका रेस्टॉरंटमध्ये कामाला होती. रेस्टॉरंटचा पहिला वाढदिवस म्हणून मालकानं फुलं आणलेली. गडबड झाल्यावर त्यानं रेस्टॉरंट बंद केलं आणि फुलं नोकरांना घरी न्यायला दिली. वाटेत एका सैनिकानं तिच्याकडे सिगारेट मागितली. सिगारेट नव्हती, म्हणून तिनं फूल दिलं. त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोचलं.

पंतप्रधान काएतानो लपले होते ते कार्मोच्या बराकीत. म्हणजे परवाच्या त्या बिनछपराच्या चर्चला लागून. तो चौक आज माणसांनी फुलला होता. एका आजींनी मला फूल दिलं आणि कुठून आलात म्हणून खुणेनं विचारलं. मी ‘इंडिया’ म्हटलं. त्यांनी लगेच ‘गोवा?’ विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून आणि हो म्हणून, दोन्ही.

गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं ते कधीच मानलं नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढा असा त्याचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हानं तो न पाळता शरणागती पत्करली, माणसं वाचवली, तर मायदेशी त्याला सैन्यातून काढून टाकलं. पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं डिसेंबर १९७४ मध्ये, या फुलांच्या क्रांतीनंतर. आपण शाळेत फक्त १९६१ शिकतो. दुसरं टोक या चौकात होतं.

मिरवणुकीत तासभर चाललो. कळलं काही नाही, घोषणांची चाल मात्र तोंडात बसली.

२६ एप्रिल

काश्काइशला समुद्र बघायला गेलो. गाव देखणं, बऱ्यापैकी महाग, पाणी बर्फासारखं. लिहावं असं घडलं ते वाटेत. लोकल नदीच्या कडेकडेनं जाते, आणि मधे एक स्टेशन लागतं काशियाश. मोहन रानडे इथल्या किल्ल्याच्या तुरुंगात होते. सांगलीचा माणूस, गोव्यात शिक्षक म्हणून राहिला, आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ मध्ये पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला आणून ठेवलं. गोवा स्वतंत्र झाला, पणजीत तिरंगा लागला, आणि हे इथेच. सुटले जानेवारी १९६९ला. सात वर्षं उशिरा! पुढे १९७४च्या क्रांतीत इथले राजकीय कैदी बाहेर आले, त्याचे फोटो काल सगळीकडे लावलेले होते.

गाडी तिथे मिनिटभर थांबली. एक मुलगा सर्फिंगची फळी घेऊन चढला. मी लेकीला रानड्यांबद्दल सांगत होते. तिनं कानातलं काढून ऐकलं, हे नमूद करून ठेवते.

रात्री मार्तीं मोनिझच्या बाजूला भटकलो. बांगलादेशी वाणसामानाची दुकानं, कढीपत्ता, मसूर, फोनची कव्हरं. कोपऱ्यावरच्या कॅफेत काचेच्या कपाटात शामुसा, म्हणजे आपला समोसाच, पण चपटा, त्रिकोणी, पातळ पारीचा. इथे तो पावाइतका घरचा झालाय. मी तिखट सॉस मागितला. काउंटरवरच्या माणसानं बाटली दिली आणि माझ्याकडे जरा आदरानं बघितलं.

२७ एप्रिल, सकाळी

सामान भरून झालंय. काल साओं व्हिसेन्तेच्या मठात अर्धा तास मिळाला. तिथे निळ्या टाइल्सवर ला फोंतेनच्या प्राणिकथा रंगवल्या आहेत, आणि ब्रागांझा या पोर्तुगीज राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांत कॅथरीन. हिच्या १६६१च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला गेली. त्या राजानं ती पुढे १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली. समाधी अगदी साधी, शोधावी लागते.

मी लेकीला म्हटलं, ‘‘बघ, मुंबई हिच्या हुंड्यात गेली.’’

ती म्हणाली, ‘‘आणि नवऱ्यानं दहा पौंडांत भाड्यानं लावली? आई, हिनं घटस्फोट घ्यायला हवा होता.’’

समाधीपाशी एवढं मोठ्यानं हसू नये, हे पहारेकऱ्यानं आम्हाला पोर्तुगीजमध्ये सांगितलं.