हातभर सागवान

गेल्या आठवड्यात भर दुपारी गिरगावातून जात असताना एका जुन्या चाळीचे पाडकाम दिसले आणि फुटपाथवर रचून ठेवलेल्या तुळयांपाशी माझे पाय आपोआप थांबले. तुळया धुराने आणि धुळीने काळ्याठिक्कर पडल्या होत्या. मात्र एकीचे टोक नुकतेच करवतीने कापलेले होते आणि तिथला मधासारखा रंग इतका ताजा होता की मी चारचौघांत वाकून त्याचा वास घेतला. जुन्या चामड्याच्या पाकिटाला येतो तसा, किंचित तेलकट. मुकादम म्हणाला, "बर्मा आहे साहेब, आता असा माल येत नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. म्यानमारने, म्हणजे जुन्या बर्माने, २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता रे रोडच्या वखारींत सीपीचा, म्हणजे चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग विचारावा, नाहीतर घाना आणि इक्वेडोरहून आलेला लागवडीचा साग मुकाट्याने घ्यावा. झाड लहान वयात तोडले की आतला पक्का गाभा बारीक भरतो आणि भोवतीचा पांढरा भागच जास्त निघतो. किडीला नको असते ते गाभ्यातले तेल. पांढऱ्याला तिची मुळीच हरकत नसते.

हे मला पैसे मोजून कळले. तीन वर्षांपूर्वी 'अस्सल सागवानी' म्हणून घेतलेल्या आमच्या पलंगाखाली रोज सकाळी पिठासारखा भुसा पडतो. उलट मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरवलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. पलंगाने फसवल्यापासून कोणाकडेही गेलो की मी गुपचूप टेबलाखालून हात फिरवून व्हिनियरची, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, कड चाचपतो, आणि सौ. डोळे वटारते.

लहानपणी आमच्या गॅलरीत बसून कपाट करणारे सुतारकाका घडोघडी रंधा थांबवून पात्याला धार लावीत, तेव्हा आम्हा मुलांना तो कामचुकारपणा वाटे. सागाच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते आणि ती पाते बोथट करते, हे कळायला फार वर्षे गेली. ते आमच्याच गावचे होते. गणपतीत गावी भेटले की सागाचे शेंड्याचे कोवळे पान माझ्या तळव्यावर ठेवून म्हणत, "चोळ रे." चोळले की दोन्ही हात कुंकवात बुडवल्यासारखे लाल होत, आणि आरतीपर्यंत तो रंग काही जात नसे.

मुकादमाकडून मी हातभर तुकडा घेऊन आलो. त्याचे काय करायचे, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. तूर्त तो गॅलरीच्या दाराशी टेकवून ठेवला आहे. वाऱ्याने दार आपटत नाही.