आधी ब्रश बसू द्या

रिमोट कंट्रोलच्या गाडीत नवी ५४० मोटर (ठरावीक मापाची, ब्रशवाली) घालून थेट फुल थ्रॉटल देणारे बघितले की माझा जीव खालीवर होतो. कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याचा फिरता भाग) गोल, ब्रशचं (त्यावर टेकून करंट देणाऱ्या कार्बनच्या तुकड्याचं) टोक नवं, अजून त्या गोलाईत न घासलेलं. सुरुवातीला दोघं जेमतेम टेकतात. तेवढ्याशा जागेतून सगळा करंट जातो, ठिणग्या उडतात आणि तांबं काळवंडतं.

म्हणून मी नवी मोटर आधी दोन-अडीच व्होल्टवर, लोड न देता फिरवतो. आधी खरखर, मग आवाज एकसुरी. ब्रश काढून बघायचा: चकाकी टोकभर पसरली की बसला. काहीजण मोटर पाण्यात बुडवून फिरवतात. काम लवकर होतं, पण नंतर नीट वाळवून बुशिंगला (ज्यात दांडा फिरतो त्या कड्याला) तेल हवंच.

टायमिंग, म्हणजे कम्युटेटरवर ब्रश कुठल्या कोनात टेकतात ते, त्यानंतर. एंडबेल (ब्रश धरणारं मोटरचं मागचं झाकण) फिरवून ते वाढवलं की आरपीएम चढतात, पण मोटरही तापते. घट्ट वळणांच्या ट्रॅकवर मी त्या नादी लागतच नाही, सरळ एक दात कमी असलेलं पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं गिअर) लावतो.