खंड्याचे परदेशी भाऊबंद

रत्नागिरीच्या आमच्या घरामागील विहिरीच्या रहाटावर येऊन बसणारा खंड्या लहानपणापासून ओळखीचा असल्यामुळेच, त्याच्याच कुळातला कूकाबरा मिरवणारी, पर्थच्या टांकसाळीतून १९९० पासून निघणारी ऑस्ट्रेलियाची चांदीची नाणी मला प्रथम भावली. त्यांवरील चित्र दरवर्षी बदलते, त्यामुळे संग्रह पुरा होत नाही (आणि खर्चही). तरीही न्यूझीलंडचे किवी पक्ष्याचे फ्लोरिन (दोन शिलिंगांचे नाणे) मला अधिक प्रिय आहे. १९३३ ते १९४६ या काळातील या नाण्यांत चांदी निम्मीच असली, तरी ती बाजारात हातोहात फिरलेली असल्याने माझ्याकडील किवीची पिसे झिजून गुळगुळीत झाली आहेत. आमच्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते, म्हणून नाणी हवाबंद डब्यांत ठेवतो; चिंचेने घासण्याचा आईचा आग्रह मात्र मी मानत नाही, कारण घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकांच्या लेखी उतरते.