तुम्ही विचारलंत म्हणून : देवाशी जवळीक

"तुमची देवाशी इतकी जवळीक कशी हो झाली?" उपासना संपल्यावर निघता निघता कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याला दोन मिनिटांत आटपेल असं उत्तर हवं असतं. पहाटे किती वाजता उठता, बायबलमधला शास्त्रपाठ कुठला, उपवास कधी धरता. आजवर मी "प्रभूची कृपा" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. आता एकदाच नीट सांगते.

मुळात जवळीक झाली आहे, हे तुम्हीच ठरवलंत. मी प्रार्थना चालवते, शब्द अडत नाहीत, मध्येच गळा दाटतो, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. पण वर्षानुवर्षं चारचौघांत प्रार्थना केली की शब्द कुणालाही सुचतात. एकटी असते तेव्हा मी फार कमी बोलते.

माझ्याकडे एक प्रार्थनेची वही होती. आमच्या प्रार्थनागटातल्या बहुतेकांकडे असते तशीच. पानावर उभ्या रेघा आखलेल्या, पहिल्या रकान्यात तारीख, मग मागणी, मग उत्तर. नोकरी मिळाली, बाळंतपण सुखरूप झालं, कुणी परीक्षेत पास झालं, की शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. देवाने काय केलं याची गटासमोर साक्ष द्यायची वेळ आली की हीच वही उघडायची. मला ती वही आवडायची, हेही सांगून टाकते.

मग माझा धाकटा भाऊ आजारी पडला. त्याचं नाव पानामागून पान येत गेलं. उपवास धरले, गटाने साखळी प्रार्थना लावली, कुणाला स्वप्न पडलं, कुणाला बायबलमधून वचन मिळालं, की तो उठणार. तो गेला. दफनविधी झाल्यावर काही दिवसांनी गटातल्या एक मावशी भेटायला आल्या. मायेच्या बाई, आजारपणात त्यांनी आमच्यासाठी रात्री जागवल्या होत्या. टेबलावरची वही त्यांनी उघडली, भावाच्या नावापुढचा रिकामा रकाना पाहिला, वहीतच खोचलेलं पेन काढलं आणि तिथे लिहिलं, 'नाही'. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नाही हेही उत्तरच असतं गं."

मी म्हटलं, "हो मावशी." त्यांना दारापर्यंत सोडून आले. मग ब्लेड घेतलं आणि तो शब्द खरवडायला बसले. शाई निघाली, कागद पातळ झाला, पण त्यांनी पेन दाबून लिहिलं होतं. अक्षराचा वळ खालच्या पानावरही उठला होता. तेही पान खरवडलं. कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते.

मावशींचं चुकलं असं मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही. कदाचित ते उत्तर खरंच 'नाही' असेल. पण ते लिहायचा हक्क त्यांचा नव्हता. मला ते देवाच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तो काहीच बोलत नव्हता.

जाता जाता त्यांनी दावीद राजाचा दाखला दिला होता. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे तो. आपलं मूल आजारी असताना दावीद उपवास धरून जमिनीवर पडून राहतो, आणि सातव्या दिवशी ते गेल्यावर उठतो, अंघोळ करतो, परमेश्वराच्या घरी जाऊन भजन करतो, मग जेवतो. या अध्यायावर मीही पूर्वी छान बोलायचे. 'पाहा, कसा स्वीकार केला!' आता त्या जुन्या मला विचारावंसं वाटतं, बाई, त्या भजनात दावीद काय बोलला ते तुला कुणी सांगितलं? शास्त्रात ते लिहिलेलंच नाही. तो भांडलाही असेल.

त्यानंतर माझी स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना बंदच झाली. देवावरचा विश्वास गेला होता असं नाही, तोंडच उघडत नव्हतं. म्हणून बायबलमधली स्तोत्रं ओळीने मोठ्याने वाचायला लागले. भावना हवीच असा हट्ट नाही, फक्त वाचायचं. तेराव्या स्तोत्रात सुरुवातीच्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' येतं, पण शेवटी गाडी भरवशावर येते. अठ्ठ्याऐंशीव्यात तीही येत नाही, ते अंधारातच संपतं. इतकी वर्षं मी ते घाईघाईने ओलांडत होते. शास्त्रात असं तक्रार करून थांबणारं स्तोत्र ठेवलेलं आहे, याने मला जो धीर दिला तो भेटायला आलेल्या कुणीही दिला नाही. गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधीच्या प्रार्थनेत, येशूनेही पुन्हा पुन्हा तेच शब्द उच्चारले, असं मत्तय आणि मार्क दोघेही लिहितात. त्यामुळे 'तेच तेच काय बोलता' म्हणणाऱ्यांकडे मी आता लक्ष देत नाही.

दुसरी सवय रात्रीची. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या 'आत्मिक साधना' या पुस्तकात दिवसाची झडती घेण्याची रीत आहे. आधी उपकार आठवायचे, मग सकाळी उठल्यापासून तासातासाने आपण कुठे कसे वागलो ते बघायचं, क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. ते पुस्तक 1548 मध्ये छापलं गेलं. 'ही कॅथलिकांची पद्धत, आपल्याला कशाला?' असंही मला ऐकवून झालंय. असू दे. मला तिचा उपयोग होतो, कारण तिथे मागणीचा रकाना नाही. पहिल्या पायरीवर मात्र मी पुष्कळदा अडते. काही रात्री उपकार म्हणून काहीच आठवत नाही, मग तसं सांगून झोपते.

याला जवळीक म्हणायचं का? काही वेळा वाटतं, हो. पूर्वी मी देवासमोर नीटनेटकी होऊन जायचे, आता रागाच्या भरातही जाते. पण काही दिवशी वाटतं, ही नुसती माझी चिवट सवय आहे आणि पलीकडे कुणी ऐकत असेलही, नसेलही. क्रूसाचा योहान या स्पॅनिश संन्याशाने, देव दूर गेल्यासारखा वाटतो त्या 'अंधाऱ्या रात्री'बद्दल लिहिलं, आणि 1577 साली त्याच्याच कार्मेलाइट संघातल्या बंधूंनी त्याला टोलेडोत कोंडलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण दर कोरड्या दिवसाला ते मोठं नाव द्यायची माझी तयारी नाही. काही दिवस नुसते कोरडे असतात.

तेव्हा मला पद्धत विचारू नका. स्तोत्रं वाचा, मोठ्याने, एकही न गाळता. याहून जास्त मला सांगता येत नाही. आणि मी पुन्हा मागायला लागले का, असं विचारणार असाल तर, हो, लागले. काय मागते ते मात्र वहीत लिहीत नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.