पन्नास हर्ट्‌झची सवय

ईईजीला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज नोंदवायच्या तपासणीला, जाताना डोक्याला तेल लावायचं नसतं, हे आईला काही केल्या पटत नाही. "आकडी येणाऱ्या पोराचं डोकं कोरडं ठेवायचं होय?" म्हणत मागच्या वेळी तिनं माझ्या धाकट्या भावाच्या टाळूवर तेल थापलंच. मिरजेत टेक्निशियनची बोलणी मी खाल्ली. तेलकट डोक्याला इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत.

धाकटा आता २४ वर्षांचा आहे. फिट येतात ११व्या वर्षापासून. आधी व्हॅल्प्रोएट, मग लेव्हेटिरॅसिटॅम, आता जोडीला क्लोबाझॅम. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधं हरली, की अपस्मार औषधांना दाद न देणारा मानतात. साधारण तिघांतल्या एकाचं असंच होतं. मिरजेतला अर्ध्या तासाचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तेव्हा मावशी पेढे घेऊन आली. चौथ्या दिवशी हा न्हाणीघरात पडला. महिन्यातून दोनदा येणारी फिट नेमकी त्याच अर्ध्या तासात कशाला येईल?

मी विश्रामबागला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हटलं, तासन्‌तास चालणारं रेकॉर्डिंग माणसानं डोळे फोडून वाचण्यापेक्षा कॉम्प्युटरला वाचू दे. बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलातली, औषधांनी फिट न थांबलेल्या २२ रुग्णांची रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर कुणालाही मिळतात. बहुतेकांत २३ चॅनेल, म्हणजे डोक्यावरच्या वेगवेगळ्या जागांच्या नोंदी, प्रत्येकात सेकंदाला २५६ आकडे. म्हणजे एका तासाचे दोन कोटी अकरा लाख! माझा लॅपटॉप पंख्यासारखा घरघरायला लागला.

पहिली फजिती विजेची. तारांमधून येणारी गुणगुण काढायला मी सवयीनं ५० हर्ट्‌झचा फिल्टर लावला. गुणगुण जागची हलेना. दोन रात्री स्वतःचाच कोड तपासत बसले. मग ट्यूब पेटली: अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची असते, आपल्याकडे ५०ची, आणि माझ्या डोक्यात महावितरण.

पुढचं सोपं वाटलं. दोन-दोन सेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकात मेंदूच्या डेल्टा (४ हर्ट्‌झच्या खाली), थीटा, अल्फा लहरींचा जोर किती ते मोजायचं आणि फिट कुठली हे प्रोग्रॅमला शिकवायचं. अ‍ॅक्युरसी, म्हणजे बरोबर उत्तरं, ९८ टक्के! मी घरात नाचले.

मग सहज, गंमत म्हणून, कायम 'फिट नाही' एवढंच म्हणणारा एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला ९९ टक्क्यांच्या वर मिळाले. शेकडो तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये फिटचा वेळ एक टक्काही नाही, मग दुसरं काय होणार? शिवाय एकाच मुलीचे तुकडे मी शिकवायलाही वापरले होते आणि परीक्षेलाही. पेपर फोडूनच दिला म्हणायचा. वर्गात पोरांनी हे केलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

एक मूल पूर्ण बाजूला ठेवून, बाकीच्यांवर शिकवून, त्याच्यावर परीक्षा घेतली तेव्हा प्रोग्रॅम गडबडला. काही खऱ्या फिट सुटल्या, आणि चावण्याच्या हालचालीला तो फिट म्हणाला. जबड्याच्या स्नायूंची वीजही इलेक्ट्रोडवर उमटते ना!

धाकटा म्हणाला, "म्हणजे ताई, मी भडंग खाल्लं की तुझा कॉम्प्युटर मला अ‍ॅडमिट करणार."

गेल्या भेटीत डॉक्टरांनी माझे आलेख पाहिले, चांगलं आहे म्हणाले आणि आईच्या हातातलं कॅलेंडर मागून घेतलं. त्यावर फुल्या, आणि फुलीशेजारी तिच्या अक्षरात: 'आधी ओठ चाटले', 'डावा हात वाकडा'. ते बराच वेळ वाचत होते. फिट मेंदूत कुठून सुरू होते हे कळलं, तर ऑपरेशनचा विचार करता येतो, असं म्हणाले. मी मात्र सहा महिने फक्त 'आली की नाही' यातच अडकले होते.

पुढच्या महिन्यात तो व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे कॅमेरा आणि ईईजी एकत्र चालू ठेवायच्या तपासणीसाठी, अ‍ॅडमिट होईल. तिथं गरज पडली तर गोळ्या कमी करून मुद्दाम फिटची वाट बघतात. हे आईला अजून सांगितलेलं नाही. तेलाचं तेवढं सांगितलंय.