एन्ट्री ४१७

टाइम ऑफिसच्या मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. "फाउंड्रीचा ओव्हरटाइम अजून भरून व्हायचाय. दीड तरी वाजेल. तुमचं ते पगाराचं काम जरा पुढं ढकला की." मी "ढकलतो मामा" म्हणालो आणि फोन ठेवला.

१९९४ चा डिसेंबर, तारीख ८. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात मी रात्रपाळीचा ऑपरेटर होतो, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. मशीन डिजिटल कंपनीचं व्हॅक्स, त्यावर व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम. वेतन प्रदान अधिनियम १९३६ प्रमाणे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पगार तेव्हा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत द्यावा लागायचा. म्हणजे त्या रात्री हिशोब आणि छपाई झाली, तरच ९ ला पाकिटं भरून होणार होती.

पगाराचं बॅच काम, म्हणजे समोर कुणी न बसता ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, संध्याकाळीच रांगेत लावलेलं होतं. आमचे सिस्टिम मॅनेजर, ज्यांना सगळा विभाग अण्णा म्हणायचा, त्यांनी जाण्याआधी स्वतः सबमिट करून ठेवलं होतं. एन्ट्री नंबर ४१७, वेळ रात्री अकरा. मला फक्त ती वेळ बदलायची होती.

हे काम रद्द करून नव्यानं लावता आलं असतं. पण अण्णांनी त्यात महिना, वर्ष, विभागांची यादी असे पाच-सहा पॅरामीटर दिले होते, लॉग फाइलची जागा ठरवली होती, आणि बंद पडलं तर पुन्हा सुरू करता येईल अशी खूण घातली होती. ते सगळं जसंच्या तसं पुन्हा टाइप करण्यात एक चूक झाली की तीन हजार लोकांचा पगार चुकतो. व्हीएमएसमध्ये सेट एन्ट्री ही कमांड त्याचसाठी आहे. रांगेतल्या कामाचा नंबर तोच राहतो आणि आपल्याला हवी तेवढीच एक गोष्ट बदलते: वेळ, प्राधान्य, प्रती, फॉर्म, पॅरामीटर, लॉग. बाकीचं जिथल्या तिथं.

मी टाइप केलं: सेट एन्ट्री ४१७ /आफ्टर=२:००. एंटर दाबलं. कसलाच संदेश आला नाही, म्हणजे कमांड मान्य झाली. सवयीनं शो एन्ट्री ४१७ करून पाहिलं. तिथं "होल्डिंग अनटिल" आणि पुढं वेळ दिसायला हवी होती. दिसलं "एक्झिक्यूटिंग".

त्या शब्दाकडं पाहताना पोटात जे झालं ते अजून आठवतं. व्हीएमएसला नुसते २:०० सांगितले की तो आजच्या तारखेचे २:०० समजतो. आज पहाटेचे दोन वाजून वीस तास होऊन गेले होते. आणि वेळ उलटून गेलेली असेल, तर काम लगेच चालू करायचं, असा नियम आहे. मॅन्युअलमध्ये तो एका ओळीत लिहिलेला आहे, मी वाचलेलाही होता. मला हवे असलेले दोन उद्याचे होते. त्यासाठी अवतरणचिन्हांत "टुमॉरो+२:००" लिहायला हवं होतं. टुमॉरो म्हणजे आज मध्यरात्रीचे बारा, त्यापुढं दोन तास.

फाउंड्रीचा ओव्हरटाइम भरायचा राहिलेला, आणि पगाराचा हिशोब सुरू झालेला.

पहिला हात पुन्हा सेट एन्ट्रीकडंच गेला, पण चालू झालेल्या कामाला ती कमांड हात लावू देत नाही. रांगेत उभं आहे तोवरच बदल. डिलीट एन्ट्रीनं काम मारता आलं असतं, पण मग अण्णांनी लावलेलं सगळं गेलं असतं. मी अण्णांच्या घरी फोन लावला. त्या काळी रात्री अकराला कुणाच्या घरी फोन वाजला की आधी सगळं घर घाबरायचं. वहिनींनी उचलला, मी माफी मागितली. अण्णा आले, मी सांगितलं. ते एक क्षणही रागावले नाहीत. म्हणाले, "मारू नकोस. स्टॉप क्यू, रीक्यू, होल्ड. एन्ट्री नंबर आणि बॅचच्या रांगेचं नाव दे. मी रीस्टार्ट घालून ठेवलंय, ते परत रांगेत जाईल."

तसं केलं. शो एन्ट्री ४१७. आता "होल्डिंग". तोच नंबर, तेच पॅरामीटर.

बॅच काम सबमिट करताना /रीस्टार्ट सांगितलं नसेल, तर ते असं अर्ध्यातून परत रांगेत जात नाही, नाहीसंच होतं. प्रिंटच्या कामाला ती सोय आपोआप असते, बॅचला सांगावी लागते. आणि नुसतं परत रांगेत जाऊनही भागत नाही, कारण अर्धा हिशोब मास्टर फाइलमध्ये, म्हणजे पगाराच्या मूळ नोंदींत, लिहून झालेला असू शकतो. अण्णांनी आपल्या कमांड फाइलमध्ये पहिल्याच पायरीला मास्टरची प्रत काढून ठेवली होती. काम पुन्हा सुरू होताना डॉलर-रीस्टार्ट नावाचं सिम्बॉल (सिस्टिमची एक खूण) खरं होतं; ते तपासून, खरं असेल तर आधी ती प्रत परत आणायची आणि मग हिशोबाला हात घालायचा, असं लिहिलं होतं. कधीतरी वीज जाईल, कुणाची तरी चूक होईल, हे धरून चालणारा माणूस होता तो. त्या रात्री तीन हजार घरांचा पगार त्या चार ओळींनी वाचवला, असंच मी मानतो.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, "आता आफ्टर टुमॉरो अधिक दोन टाकू ना?" अण्णा म्हणाले, "दोन वाजता मामांचं झालेलं असेल याची खात्री कोण देतो? घड्याळावर नको सोडू. त्यांचा फोन आला की रिलीज कर."

दुसऱ्या माणसाचं काम संपण्यावर आपलं काम अवलंबून असेल, तर अंदाजे वेळ देऊन मोकळं व्हायचं नाही. होल्ड करायचं आणि शब्द आला की सोडायचं. आफ्टर हे घड्याळासाठी आहे: रात्रीचा बॅकअप, पहाटेची आवराआवर, ज्याला कुणाची वाट पाहायची नाही असं काही. त्या रात्री मामांचा फोन १ वाजून ५० मिनिटांनी आला. २:०० ला सुटलं असतं तरी चाललं असतं, पण अगदी दहा मिनिटांनी. "झालं बघा, शेवटचं कार्डही भरलं," मामा म्हणाले. सेट एन्ट्री ४१७ /रिलीज. काम धावू लागलं.

पावणेचारला हिशोब पूर्ण झाला आणि छपाईची दोन कामं रांगेत आली. एक वेतन नोंदवही, १३२ कॉलमच्या साध्या कागदावर, जवळपास सहाशे पानं. दुसरं पगारचिठ्ठ्यांचं, आधीच छापून आलेल्या स्टेशनरीवर.

नोंदवही आधी काढायची असं ठरवलं, तर ती पुढं सरकेचना. प्रिंटरवर स्टोअर्सचे आणि प्लॅनिंगचे छोटे रिपोर्ट येत होते आणि प्रत्येक जण नोंदवहीच्या पुढं जात होता. प्रिंटरची रांग मुळातच तशी चालते. वेगळं काही सांगितलं नसेल तर समान प्राधान्याच्या कामांत लहान काम आधी छापलं जातं, मोठं मागं राहतं. दिवसाढवळ्या ही पद्धत चांगलीच आहे, दोन पानांसाठी कुणी सहाशे पानं संपायची वाट का पाहावी? पण तिसऱ्या पाळीतही रिपोर्ट येतच राहतात, आणि मोठ्या कामाची पाळी सकाळपर्यंत येत नाही.

उपाय प्राधान्याचा. ते ० ते २५५ मध्ये असतं, आणि नेमून दिलं नसेल तर सहसा १००. साध्या वापरकर्त्याला सिस्टिमनं आखलेल्या मर्यादेच्या वर जाता येत नाही, पण ऑपरेटरचा अधिकार असलेल्याला जाता येतं. मी नोंदवहीला १५० दिलं आणि हातातला रिपोर्ट संपताच ती सुरू झाली. नव्या मुलांचा इथं नेहमी एक गैरसमज होतो. हे प्राधान्य फक्त रांगेतल्या जागेचं आहे. बॅच कामाचं प्राधान्य वाढवलं म्हणून ते सुरू झाल्यावर प्रोसेसरवर वेगानं धावत नाही. त्या वेगाचा आकडा रांगेच्या मूळ प्राधान्यात वेगळा ठरलेला असतो.

नोंदवही चालू व्हायच्या थोडं आधी अकाउंट्सच्या साहेबांचा निरोप टेबलावर सापडला होता, की या वेळी दोनऐवजी तीन संच हवेत. काम अजून रांगेत होतं म्हणून जमलं. इथंही दोन वाटा आहेत आणि त्या दिसायला सारख्या आहेत. नोंदवहीच्या एका कामात विभागवार अकरा फाइली होत्या. /कॉपीज=३ म्हटलं की पहिली फाइल तीनदा, मग दुसरी तीनदा, असं निघतं, आणि मग जमिनीवर बसून माणसानं संच लावायचे. /जॉब काउंट=३ म्हटलं की पूर्ण अकरा फाइलींचा एक संच, मग दुसरा, मग तिसरा. मी जॉब काउंट वापरला. सकाळी अकाउंट्सच्या शिपायानं तीन गठ्ठे उचलले आणि नेले.

पगारचिठ्ठ्यांचं काम तोवर शांत उभं होतं. त्याला लागणारा कागद प्रिंटरवर नव्हता आणि व्हीएमएसला ते माहीत होतं, कारण कामाला फॉर्म, म्हणजे कागदाचा प्रकार, नेमलेला होता. कागद बदलून, रांगेला नवा फॉर्म चढवल्याचं सांगितलं की ते आपसूक पुढं येतं. पण छापील चौकटीत आकडे बसवणं हे हातकाम आहे. बेसिकचा आकडा डीएच्या घरात गेला तर चिठ्ठी फुकट. म्हणून छपाई सुरू होताच रांग थांबवायची, कागद ट्रॅक्टरच्या (प्रिंटरमधल्या कागद ओढणाऱ्या पट्ट्याच्या) दात्यांवर अर्धा-पाव ओळ वरखाली करायचा, आणि रांग पुन्हा सुरू करताना /अलाइन आणि त्यात मास्क सांगायचं. मग चाचणीच्या पानावर अक्षरांच्या जागी एक्स आणि आकड्यांच्या जागी ९ छापले जातात. नावाच्या जागी एक्स एक्स एक्स, पगाराच्या जागी ९९९९. जागा बरोबर कळते, आणि कचऱ्याच्या पेटीत कुणाचा पगार जात नाही. ज्या कुणी ही सोय केली त्यानं प्रिंटरजवळ उभ्या असलेल्या माणसाचा आणि चिठ्ठीवरच्या माणसाचा, दोघांचाही विचार केला होता. मला ती सोय फार आवडायची.

अर्ध्यावर कागद अडकला. स्टॉप क्यू, झाकण उघडलं, चुरगळलेली दोन पानं काढली, स्टार्ट क्यू /बॅकवर्ड=३. तीन पानं मागून छपाई पुन्हा चालू. साडेसातला शेवटची चिठ्ठी बाहेर आली.

सकाळी अण्णा आले. लॉग फाइल पाहिली, फाउंड्रीची बेरीज मस्टरशी ताडली, आणि मला घेऊन कॅन्टीनमध्ये गेले. त्या रात्रीबद्दल ते बोललेच नाहीत. सेट एन्ट्रीला जे जमत नाही ते मात्र समजावत बसले: सबमिट केल्यानंतर कमांड फाइल दुरुस्त केली तरी रांगेतलं काम जुनीच आवृत्ती चालवतं, कारण फाइल दुरुस्त केली की नवी आवृत्ती तयार होते आणि रांगेनं धरून ठेवलेली असते ती आधीची. मध्येच कुणी पर्ज करून जुन्या आवृत्त्या काढल्या तर कामाला फाइलच सापडत नाही. फाइल बदलायची असेल तर काम नव्यानंच लावायचं, तिथं दुसरा इलाज नाही.

डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅककडं गेली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली. आमचं व्हॅक्स त्याच्या आधीच निघालं. व्हीएमएस मात्र अजून आहे, २०२२ मध्ये ते इंटेलच्या साध्या प्रोसेसरसाठीही आलं.

मी आता निवृत्त आहे आणि गावातल्या पतसंस्थेचं संगणकाचं पाहतो. तिथं लिनक्स आहे आणि छपाईची रांग सांभाळायला कप्स. रांगेतलं काम बदलायला एलपी कमांडला डॅश आय आणि कामाचा नंबर द्यायचा. प्राधान्य इथं १ ते १००, नेहमीचं ५०. डॅश एच नं थांबवायचं किंवा वेळ द्यायची. मार्चअखेरीला तिथल्या मुलीनं सभासदांच्या नोटिसा रात्री अकराला छापायला लावल्या, २३:०० लिहून. त्या छापल्या गेल्या पहाटे साडेचारला, वॉचमन घाबरून उठला. कप्समध्ये ती वेळ आपली नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. आपले अकरा म्हणजे तिथं १७:३०. आणि लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या ॲट कमांडला २:०० सांगितले तर ती समजूतदारपणे पुढचे दोन धरते, आजचे उलटले असतील तर उद्याचे. तीन ठिकाणी "रात्री दोन" चे तीन अर्थ. शिवाय ॲटमध्ये लावलेलं काम बदलता येत नाही, काढून नव्यानं लावावं लागतं.

मी तिला एन्ट्री ४१७ ची हकिकत सांगितली. ती म्हणाली, "मग काका, वेळ द्यायचीच नाही?" म्हटलं, "बॅकअपला दे. नोटिसा मॅनेजरसाहेबांनी आकडे तपासल्याशिवाय जायच्या नाहीत ना? मग होल्ड." पुढच्या वेळी तिनं डॅश एच होल्ड करून ठेवलं. संध्याकाळी सव्वासातला मॅनेजरांनी केबिनमधून मान हलवली, आणि तिनं रिझ्यूम टाइप केलं.